भरतीच्या वेळचे चौदा सेकंद

लिहायला बसले, याबद्दल आधी क्षमा मागते. एकोणीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर गणित शिकवले, फळ्यावर पुष्कळ लिहिले आणि पुसले. पण स्वतःविषयी चार ओळी लिहाव्यात असे कधी वाटले नाही, आणि वाटले असते तरी धीर झाला नसता. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी प्रोग्रॅमिंग शिकले, आता पन्नाशीजवळ येऊन हे लिहिते आहे. दोन्ही गोष्टींना उशीरच झाला. लिहिण्याजोगे माझ्याजवळ एकच आहे, आणि ते मला शोभा देणारे नाही.

मी पालघरला राहते. ऑफिस बोईसरला, औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वर. आम्ही सात जण आहोत. कारखान्यांचे गेटपास, टँकरच्या नोंदी आणि किनाऱ्यावरच्या काही मच्छीमार सोसायट्यांचे कामकाज, एवढा आमचा पसारा. आमचे प्रमुख माझ्याहून सोळा वर्षांनी लहान आहेत. मी त्यांना सर म्हणते, ते मला मॅडम म्हणतात, आणि दर वेळी दोघेही किंचित अवघडतो.

सोसायटीचे काम असे. बोट समुद्रात जाण्याआधी डिझेल आणि बर्फ घेते, त्यासाठी सोसायटीच्या खिडकीवर पावती काढावी लागते. खिडकीवरचा माणूस सभासदाचा नंबर टाकतो, किती डिझेल आणि बर्फाच्या किती लाद्या ते टाकतो आणि बटण दाबतो. मग आमचा प्रोग्रॅम दुसऱ्या तीन प्रोग्रॅमना विचारतो: सभासदत्व चालू आहे का, बोटीचा परवाना आहे का, डिझेलचा कोटा उरला आहे का. तिन्ही उत्तरे आली की पावती छापून निघते. हे तिन्ही प्रोग्रॅम आमच्या सर्व्हरवर असतात आणि सगळ्या सोसायट्यांना मिळून एकेकच आहेत. त्यांच्याकडे निरोप नेण्या-आणण्याचे काम एक छोटी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमला जोडायचा तयार कोडचा संच, करते. ती मी लिहिली आहे, नोकरीच्या पहिल्याच वर्षी.

पलीकडचा प्रोग्रॅम कामात असेल आणि त्याने दारातूनच परत पाठवले, तर काय करायचे, हे तिच्यात मी ठरवून दिले होते. दोन सेकंद थांबायचे आणि पुन्हा विचारायचे. तरी नकार आला तर चार सेकंद, मग आठ. लगोलग पुन्हा दार ठोठावणे मला स्वतःला कधी जमलेले नाही. लायब्ररीलाही मी तेच शिकवले. नकार मिळाल्याची नोंद कुठेही करायची नाही, हेही मीच ठरवले. शेवटी काम होतेच आहे, मग उगाच गवगवा कशाला, असा तेव्हाचा माझा विचार.

गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर बोटी पुन्हा समुद्रात जाऊ लागल्या आणि एका सोसायटीतून तक्रार आली. पावतीला फार वेळ लागतो, त्यात भरती निघून जाते. त्या गावच्या खाडीत पाणी असेल तेवढ्या वेळातच बोट बाहेर पडू शकते. पाणी ओसरले की बोट चिखलात बसते आणि पुढच्या भरतीपर्यंत आतला बर्फ विरघळत राहतो. सरांनी मला प्रत्यक्ष जाऊन पाहायला सांगितले.

खिडकीवर अकरा वर्षांपासून एक बाई बसत होत्या. आधी वहीवर पावत्या करत, मग आमच्या संगणकावर. सगळा गाव त्यांना बायच म्हणे. त्यांनी स्वतःची खुर्ची मला दिली आणि आपण स्टूल घेतले. बाहेर रांग होती. एका तांडेलाने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, खिडकीत डोके घातले.

"बाय, पावती ह्या भरतीला देतेस का पुढच्या?"

"देते रं. तुजी बोट काय पळून चालली नाय."

"बोट नाय पळत. पाणी पळतंय."

मागून कोणी म्हणाले, "बाय वहीवरच बरी व्हती. आता मशीनसमोर जप करत बसते."

बाईंनी बटण दाबले आणि माझ्याकडे वळून हलक्या आवाजात विचारले, "मॅडम, मी दाबते नि नुसती बघत बसते. तुमच्याकडं कुठं अडकतं का?"

"नेटवर्क असेल," मी म्हणाले. मी काहीही तपासलेले नव्हते.

"मॅडम बोलतात, नेटवर्क हाय," त्यांनी रांगेला सांगितले. माझ्या शब्दावर विसंबून सांगितले.

"बरं हाय तुजं नेटवर्क," तांडेल म्हणाला. "भरतीला जातं, ओहोटीला बरोबर परत येतं."

सगळे हसले, मीही हसले. खरे उत्तर त्या थट्टेतच होते. मी ते ऐकले आणि घरी आले.

त्यानंतर सरांनी ठरवले की अंदाज पुरे, आता सगळ्या प्रोग्रॅमना ट्रेसिंग लावायचे. काम माझ्याकडे आले. कार्यालयात हालचाल नोंदवही असते, कोण किती वाजता कुठे गेले आणि केव्हा परतले याची. ट्रेसिंग साधारण तसेच. पावतीचे काम सुरू झाले की तिला एक क्रमांक द्यायचा. ती ज्या ज्या प्रोग्रॅमकडे जाईल तिथे तो क्रमांक बरोबर न्यायचा, आणि प्रत्येकाने आपले काम केव्हा सुरू झाले, केव्हा संपले हे त्याखाली लिहायचे. मग पडद्यावर एकाखाली एक आडव्या पट्ट्या दिसतात. जितका वेळ, तितकी लांब पट्टी.

तीन आठवडे मी हे काम मन लावून केले. एकेका प्रोग्रॅममध्ये नोंदी घातल्या, छपाईच्या लायब्ररीत घातल्या, डेटाबेसच्या लायब्ररीत घातल्या. स्वतःच्या लायब्ररीतून फक्त क्रमांक पुढे जाऊ दिला; तिची स्वतःची नोंद केली नाही. ती लहान आहे, नुसते निरोप नेते, तिची कसली पट्टी, असे मी स्वतःला सांगितले. खरे कारण वेगळे होते. पहिल्या वर्षीचे ते कच्चे काम कोणी उघडून पाहावे, असे मला वाटत नव्हते. तोवर मला कसलीही शंका नव्हती, इतके मात्र खरे.

सोसायटीचे चिटणीस बोईसरला आले, तेव्हा सरांनी भरतीच्या वेळच्या पावत्या पडद्यावर काढल्या. मी चहाचा कप घेऊन बाजूला बसले होते.

"या छोट्या पट्ट्या आमच्या," सर म्हणाले. "एकही अर्ध्या सेकंदाच्या वर नाही. मधली ही जागा रिकामी आहे. म्हणजे तेव्हा प्रोग्रॅम काही करत नाहीये. बहुतेक तेव्हा खिडकीवर टायपिंग चालू असेल. सभासदाचा नंबर टाकल्यापासून आपण वेळ मोजतो."

"म्हणजे बायच सावकाश हाय."

"मी तसं म्हणत नाही."

"तुमी नाय. मशीन बोलतंय ना."

टायपिंग बटण दाबण्याआधीच संपते, हे सरांच्या लक्षात आले नव्हते. मी बटणानंतरच्या रिकाम्या जागा वाचत होते. सहा सेकंद. चौदा. चौदा. खालच्या पावतीवर दोन. पुन्हा चौदा. त्याखालच्या पावतीवर सहा, चौदा, चौदा. पाच कुठे नव्हते, नऊ नव्हते, अकरा नव्हते. माणसाची बोटे इतकी नेमकी थांबत नाहीत. नुसते दोन; दोन आणि चार मिळून सहा; दोन, चार आणि आठ मिळून चौदा. हे अंतर मी ओळखत होते, कारण ते मीच घालून दिले होते. आणि भरती काही एकाच गावात येत नाही, साऱ्या किनाऱ्यावर एका सुमाराला येते, साऱ्या खिडक्यांवर एकदम रांग लागते, सगळ्यांचे निरोप त्याच तीन दारांवर एकदम येऊन धडकतात, हेही तिथे बसल्या बसल्या लक्षात आले. बोईसरच्या ऑफिसात मी ती लायब्ररी शंभरदा तपासली होती. पण आमच्या ऑफिसात भरती येत नाही.

एका पावतीत फार तर चौदा सेकंद तीन वेळा, आणि रांगेत तीस बोटी. एकवीस मिनिटे. गणित मला येत होते.

मी कप दुसऱ्या हातात घेतला. चिटणीस उठले, जिना उतरले. मी उरलेला चहा संपवला.

त्यानंतर आठ दिवस मी रोज ती फाइल उघडली आणि बंद केली. नवव्या दिवशी लायब्ररीत नोंदी घातल्या. दुपारच्या जेवणाआधी काम झालेसुद्धा. इतके ते थोडे होते. संध्याकाळच्या भरतीला पडद्यावरची प्रत्येक रिकामी जागा माझ्या लायब्ररीच्या पट्टीने भरून गेली. मी एका पावतीच्या पट्ट्या कागदावर छापून सरांसमोर ठेवल्या.

त्यांनी पट्ट्यांवरून बोट फिरवले. "हे तुम्हाला आज कळलं?"

"नाही."

"लायब्ररीत चूक असते, मॅडम. माझ्याही असतात. पण चिटणीस समोर बसले होते." त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला.

दुरुस्ती त्याच दिवशी झाली, थांबण्याचे अंतर सेकंदाच्या अंशावर आणले. सोसायटीला पत्र पाठवायचे होते, आणि माझे मराठी चांगले म्हणून मसुदा माझ्याकडे आला. 'प्रणालीमध्ये आवश्यक ती तांत्रिक सुधारणा करण्यात आली असून यापुढे विलंब होणार नाही,' असे मी लिहिले. सरांनी सही केली. पत्रात बाईंचा उल्लेख नव्हता, माझाही नव्हता.

दुरुस्तीच्या चारच दिवस आधी सोसायटीने बाईंना खिडकीवरून उठवून बर्फाच्या गोदामात लाद्या मोजायला बसवले होते, हे मला नंतर कळले. खिडकीवर एक तरुण मुलगी आली होती. ती आली आणि चार दिवसांतच पावत्या झटपट निघू लागल्या. आमची दुरुस्ती कोणाला दिसली नाही, खुर्चीवरची नवी मुलगी सर्वांना दिसली. माझ्या दुरुस्तीने बाईंवरचा आरोप पक्का केला.

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका कामासाठी त्या गावी जाणे झाले. काम आटोपल्यावर गोदामाकडे गेले. बाई दारातच होत्या, अंगात स्वेटर, पायांत गमबूट.

"मॅडम, तुमी? या. बसायला काय नाय, बर्फ हाय नुसता."

मी खिडकीचा विषय काढला नव्हता. त्यांनीच काढला.

"नवी पोर चांगली हाय. तडातड देते पावत्या. माजीच बोटं जड झाली असतील. दिराची बोट दोनदा चिखलात बसली माज्यापायी. घरात अजून बोलतात. मी तुमच्या नेटवर्कला बोल लावत बसले."

तो छापलेला कागद माझ्या पर्समध्ये होता. घरून निघताना मी तो आठवणीने घेतला होता. मी त्यांना विचारले, इथे थंडी बाधत नाही ना. त्या म्हणाल्या, सवय झाली. मग मी रिक्षा पकडून पालघरला आले.

तो कागद अजून पर्समध्येच आहे. घडीवर फाटू लागला आहे. सोसायटीची वार्षिक सभा पुढच्या महिन्यात आहे, तांडेल येतील, चिटणीस असतील, बाईंचे दीरही असतील. तिथे उभे राहून बोलायचे म्हटले की मी आत्तापासून न जाण्याची कारणे शोधू लागते. आणि गुपचूप जाऊन एकट्या बाईंच्या हातात कागद दिला, तर मला हलके वाटेल. गावात त्यांचे नाव मात्र आहे तसेच राहील.

माझ्या जागी तुम्ही असता, तर त्या सभेत उभे राहिला असता का?