चिंधी बांधलेला टमाटा

पोलादपूरच्या अलीकडे सावित्रीकाठी एक वाडी आहे. तिथं हैबती माळ्याचं घर कुणाला विचारावं लागत नसे. ज्या परसात कारवीच्या काठ्यांना झाडं बांधलेली दिसतील, ते हैबतीचं. वाडीतले लोक म्हणत, गुरं बांधावीत तशी हा झाडं बांधतो. दावं सुटलं तर वांगी पळून जातील बहुतेक.

वांगी म्हणजे विलायती वांगी. हैबती त्यांना टमाटा म्हणे, कारण त्याचा सायब तसं म्हणे. महाबळेश्वरला त्या सायबाच्या बंगल्यात त्यानं बावीस वर्षं माळीकाम केलं. गुडघे घाट चढेनासे झाले तेव्हा तो आंबेनळीच्या वाटेनं कायमचा खाली उतरला, तो मुंडाशाच्या टोकाला चिमूटभर बी बांधून.

दसरा झाला की फुटक्या टोपलीत शेणखत घालून तो बी टाकी. रोपं वीतभर झाली की परसात लावी, मोरीचं पाणी त्यांच्याकडे वळवी, पानांच्या बगलेतले कोंब रोज खुडी आणि एका झाडावर मोजकीच फळं ठेवी. मग एकेक टमाटा असा भरे, की चकती कापली तर तळहात झाकावा. शिमग्याच्या सुमारास बंगल्याचा खानसामा रऊफ महाडहून वर निघाला की टोपली घेऊन जाई. सायबाची चाकरी सुटली होती, पण सायबाचं तोंड हैबतीच्या हातातून सुटलं नव्हतं.

वाडीत ते रक्तासारखं लाल फळ कुणी खात नसे. त्याची बायको तुळसा तर गळ्यात माळ घातलेली. "झाडाला मटण लागलंय," ती म्हणे, "माझ्या चुलीपाशी नको." आणि वर, "माझ्यापरास तुमचं ध्यान त्या वांग्यावर. मलाबी काठीला बांधा, म्हंजी बघाल!"

हैबती हसे. भांडायला त्याला वेळ कुठं होता? बियाचं फळ निवडायचं असे. त्याचा एक नेम होता. पहिल्या घोसातला सगळ्यात मोठा टमाटा बियाचा. त्याला चिंधी बांधायची, आणि देठाशी सुरकुत्या पडेस्तोवर देव आला तरी तोडायचा नाही. चिंधी अर्थातच तुळसाच्या जुन्या लुगड्याची. "लुगडं माझं फाडता, नि लाज त्याची झाकता!" हे दरवर्षीचं.

त्या वर्षी तुळसाला हिवतापानं धरलं. कोयनेलच्या गोळ्यांनी ताप उतरला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. पेज कडू, ताक कडू. शेजारची रंगूबाई वाटी घेऊन यायची आणि भरलेलीच परत न्यायची.

एका सकाळी तुळसा म्हणाली, "अवो, एक द्या बघू तुमचं ते मटण."

रंगूबाईनं हातातली वाटी खाली ठेवली. "माळ हाय गो गळ्यात!"

"झाडाचंच हाय ते. मला काय ठावं नाय? मी आपली यास्नी चिडवायची." मग नवऱ्याकडे वळून, "कसं लागतं वो चवीला?"

बावीस वर्षं वर आणि चार वर्षं खाली, हैबतीनं हजारो टमाटे वाढवले होते. एकही तोंडात घातला नव्हता. मेजावरचं फळ माळ्यानं खायचं नसतं, ही सवय घाट उतरूनही उतरली नव्हती.

"सायब डोळं मिटून खातो," तो म्हणाला.

"मग मलाबी मिटावं लागतील की," म्हणून तुळसा हसली आणि खोकली.

तो परसात गेला. रऊफ परवाच टोपली घेऊन गेला होता. मागची फळं हिरवी होती. लाल असा एकच, चिंधीचा. हैबतीनं हात पुढे केला. देठ अजून ताठ होता. हात आपोआप मागे आला.

"बियाचा हाय गो तेवढा," आत येऊन तो म्हणाला. "चार दिस. सुरकुती पडली की बी काढून घेतो नि गर तुला देतो."

"बियाचा हाय तर ऱ्हाऊ दे. घाई कसली?"

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "आज?"

"आज नाय. देठाशी ताठ हाय अजून."

"माझ्या सासूगत," ती पुटपुटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताप उलटून आला. दुपारी हैबती परसात टमाट्याच्या देठाशी बोट फिरवत होता. पहिली सुरकुती लागली, आणि घरातून रंगूबाईची हाक आली. हाक कसली, किंकाळीच. तो धावला तेव्हा सांगायला बातमी होती, ऐकायला माणूस नव्हतं.

तेराव्यानंतर त्यानं ते फळ तोडलं. फेकायलाच तोडलं होतं. पण हातांना वेगळं काही येत नव्हतं. त्यांनी ते करवंटीत पिळलं, दोन दिवस आंबवलं, धुतलं आणि बी राखेत घोळून वाळत टाकलं.

पुढल्या वर्षापासून हैबतीनं चिंधी बांधली नाही. मोठा टमाटा पिकला की तो ओटीवर कापायचा, चकत्यांवर मीठ भुरभुरायचा आणि वाटेनं जाणाऱ्याला बसवून खायला लावायचा. रऊफची टोपली रिकामी जाऊ लागली. लोक आधी बिचकले, मग चटावले. प्रत्येकाला हैबती विचारी, "कसा लागतो?" कुणी म्हणे आंबट, कुणी म्हणे गोड. तो मान हलवी, जणू कुठंतरी जाऊन सांगायचं आहे. बी मात्र शेवटच्या किडक्या झाडावर जे उरेल त्याचं. त्यामुळे वर्षावर्षाला फळ लहान होत गेलं.

पाचव्या वर्षी रऊफ ओटीवर टेकला आणि परसाकडे बघून म्हणाला, "हैबतीभाऊ, ये क्या? बोरं लावलीस काय रे?"

"हायत ते टमाटेच."

"तूच शिकवलंस ना मला, मोठ्याचं बी मोठं?" रऊफ उठून काठ्यांमधून फिरला आणि एकदम थांबला. पानांखाली एकच फळ होतं, पूर्वीसारखं, तळहात भरेल असं. "हा बघ! अल्लानं ठेवलाय तुझ्यासाठी. चिंधी बांध याला. पुढल्या साली सगळं परस भरून निघेल."

हैबतीनं टमाट्याच्या देठाशी बोट फिरवलं. ताठ होता. त्यानं तो तोडला, ओटीवर आणला, सुरीनं कापला आणि मीठ भुरभुरून ताटली रऊफपुढे सरकवली.

"अरे, बियाला..."

"खा. लाल झालाय."

रऊफनं खाल्लं. खाताना त्याचे डोळे आपसूक मिटले.

"कसा लागतो?" हैबतीनं विचारलं.

"एक चकती तू खाऊन बघ की!"

"नको," हैबती म्हणाला आणि सुरी धोतराला पुसू लागला. "तिनं खाल्ला नाय. तू सांग."