दुपारी जाणारं नेट आणि आत्याबाई

कोणतीही वस्तू बिघडली की आमच्या आत्याबाई तिच्यासमोर मांडी घालून बसायच्या. हात लावायच्या नाहीत, नुसत्या बघत राहायच्या. मग तो मिक्सर असो, नाहीतर चारा सोडलेली शेळी. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. शिक्षण सातवी, आणि सगळा जन्म उमापुरात शेळ्या वळण्यात गेलेला. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. पण आमच्या घरचं वाय-फाय कुणी सुधारलं असं कुणी विचारलं, तर मी आजही ताठ मानेनं त्यांचंच नाव सांगते.

लग्नानंतर मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करत होते. प्रोबेशनचे सहा महिने चालू होते, त्यानंतर कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. उन्हाळा लागला आणि रोज दुपारी नेट जायला लागलं. मीटिंगमध्ये माझं तोंड अर्धवट उघडं आणि चित्र थांबलेलं! शेवटी वरच्या मॅडमनी बजावलं, "हे असंच चाललं तर पुण्यात येऊन बसा, नाहीतर राजीनामा द्या." यांचा दुधाचा धंदा उमापुरात, पुण्याला कसली जातेय मी! चुलतसासरे तात्या ओसरीवरून म्हणाले, "दे की सोडून पोरी. घरात काय कमी हाय?" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

नेटवाला दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा सकाळी. राऊटरचा डबा बंद करायचा, चालू करायचा, मोबाइलवर आकडे दाखवायचा. "ताई, नेट तर पळतंय!" म्हणून गाडीला किक. तो गेल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "जित्राब तडफडतंय दुपारी आन् डाक्टर येतोय सकाळी. त्याला काय माती कळंल?"

दुसऱ्या दिवसापासून त्या राऊटरसमोर बसल्या. बाहेरच्या खोलीत खालच्या फळीवर तो होता आणि मी आतल्या खोलीत. नेट गेलं की मी आतून ओरडायचे, आणि त्या दुधाच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहायच्या: "साडेबाराला गेलं. पाचला आलं." मला हसू यायचं आणि चीडही. म्हटलं, "आत्याबाई, लिहून काय होणार?" तर म्हणाल्या, "गप ग. आजार सांगत न्हाई, पर येळ सांगतोय."

मध्येच दोन दिवस त्या माहेरी जाऊन आल्या. आल्या आल्या, पाय धुवायच्या आधी कॅलेंडरापुढं. "ह्ये दोन दिस कोरे कावून?" मी म्हटलं, "नेट गेलंच नाही." झालं! त्या तिथंच भिंतीला टेकून बसल्या. मग म्हणाल्या, "मी नसले की नेट असतंय. म्हंजी माजंच काईतरी हाय."

तुम्हीच सांगा, अशी किती माणसं पाहिलीत? आपल्या घरात काही बिघडलं तर कंपनी चोर, सरकार चोर, शेजारी चोर. आपलंच काही असेल, असं म्हणणारं माणूस मी तरी दुसरं पाहिलं नाही.

दुपारी त्या जे जे करायच्या ते त्यांनी एकेक करून बंद केलं. आधी टीव्ही, दुसऱ्या दिवशी मिक्सर. मी म्हटलं, एकदम सगळंच बंद करू. त्यांनी डोळे वटारले. "दोन औशदं एका टायमाला दिली तर कशानं गुन आला, कसं कळंल?" तिसऱ्या दिवशी राहिला कूलर. लोखंडी, पाण्यानं गच्च भरलेला. दुपारी ढकलत आणून त्या तो दोन खोल्यांच्या मधल्या दारात लावायच्या आणि पाच वाजता बाजूला सारायच्या. आमच्या भिंती दगडी, हातभर जाड. रेंज यायची ती त्या दारातूनच. त्यांनी कूलर सरकवला आणि आत माझी मॅडम घडाघडा बोलायला लागली!

नेटवाल्याला फोन केला. राऊटर दारावर उंच लावायला तो दुसऱ्या दिवशी येणार होता. पण माझी कायम होण्याची मीटिंग त्याआधीच, त्याच दुपारी होती, आणि कूलरची वायर पोचेल असा प्लग फक्त त्या दाराशी. बाहेर बीडचा वैशाख, त्यात आत्याबाईंना बीपी. मी म्हटलं, "राहू दे कूलर दारात, होईल ते होईल." त्यांनी कूलर बंदच ठेवला, मला आत ढकललं आणि पदर खोचला. "जा. बोल धडाधड. अडखळू नको."

सव्वा तास मीटिंग चालली. एकदाही चित्र थांबलं नाही. मॅडमनी "अभिनंदन" म्हटलं आणि मी धावत बाहेर आले. आत्याबाई डोक्यावर ओला टॉवेल घेऊन फरशीवर बसलेल्या, चेहरा लालबुंद. मी रडायलाच लागले. "एवढं कशासाठी केलंत हो?"

त्यांनी टॉवेल पुन्हा तांब्यात बुडवला, पिळला.

"आंगनवाडीत मदतनीस म्हनून माजं नाव निघालतं. सासू म्हनली, शेळ्या कोन वळंल? तवा घरातलं एक मानूस माज्यासाटी उठलं न्हाई." टॉवेल डोक्यावर ठेवत त्या म्हणाल्या, "आता म्या उठले. रडतीस कावून? जा, तात्याला सांग."