रॅमला हळदकुंकू

आमचे मामा दुकानात कोणतीही वस्तू आधी पालथी करून बघत. मिक्सर असो, फवारणीचा पंप असो की लॅपटॉप. समोरून तो कसा दिसतो याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. मागे स्क्रू दिसले की चेहरा खुलायचा. "जे उघडस नही, ते घरमा आणानं नही," हे त्यांचं ठाम मत. शहाद्याला माझ्यासाठी लॅपटॉप घ्यायला गेलो, तेव्हा दुकानदाराने मोठ्या कौतुकाने पातळ, चकचकीत लॅपटॉप पुढे केले. यांची रॅम आत कायमची जोडलेली असते, वाढवता येत नाही, हे त्याच्याच तोंडून वदवून घेऊन मामांनी ते सगळे बाजूला सारले. शेवटी एक जुना, जाडजूड लॅपटॉप घेऊन आम्ही परतलो. मी रस्ताभर तोंड फुगवून बसले होते.

लोणखेड्याच्या कॉलेजात शिकायला म्हणून मी मामांकडे राहत होते. तापीकाठी त्यांची केळी होती. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे माझे लाड जरा जास्तच व्हायचे.

तो लॅपटॉप सुरू होईपर्यंत मामींच्या भाकरी थापून व्हायच्या. मामांनी मोबाइलवर दोनचार व्हिडिओ पाहिले आणि जाहीर केलं, "सोपं शे. याना पेक्षा मोटारनं वायसर बदलनं अवघड." खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावून अंगातली वीज उतरवायची, बॅटरी सोडवायची, रॅमची पट्टी तिरपी घालून 'कट्' आवाज येईपर्यंत दाबायची. हार्डडिस्क काढून तिथे तिच्याहून वेगवान एसएसडी. लॅपटॉप खरोखरच पळायला लागला. विंडोज मात्र दुकानदाराकडून घालून आणलं होतं, ते मामा कुणाला सांगत नसत.

काढलेले स्क्रू हरवू नयेत म्हणून ते मामींच्या मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या वापरत. एकदा एक स्क्रू वरणात निघाला. मामी भडकल्या. मामांनी तो शांतपणे धुऊन जागेवर बसवला; सापडला हेच त्यांना पुष्कळ होतं.

दसऱ्याला आमच्याकडे शेतीच्या अवजारांची पूजा होते. त्या वर्षी मामांनी लॅपटॉपही पाटावर मांडला. पण नुसत्या झाकणाची पूजा त्यांना पटेना, कारण काम तर आतले करतात. मग त्यांनी मागची बाजू उघडली, रॅमला आणि पंख्याला मनोभावे हळदकुंकू वाहिलं आणि स्क्रू आवळून टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याच्या एका कंपनीची माझी ऑनलाइन मुलाखत होती. मोबाइलवर चालणार नाही, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. मी बटण दाबलं. पंखा फिरला, बाजूच्या जाळीतून कुंकू उडालं, आणि स्क्रीन काळी ती काळीच. मला रडूच फुटलं.

मामी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "बंद पडना ते बरं झायं. आठेच शाळामा नोकरी कर." मी इथेच राहावं, असं म्हटलं थट्टेत, पण ती निव्वळ थट्टा नव्हती. दाढीच्या कोरड्या ब्रशने मामांनी कुंकू झाडलं, रॅम काढली आणि माझ्या कंपासपेटीतल्या रबराने तिची सोनेरी टोकं घासायला घेतली. पट्टी बसवली, लॅपटॉप सुरू होईना. पुन्हा काढली, पुन्हा घासली. मी आशा सोडून दिली होती; ते मान वर करत नव्हते. अखेर स्क्रीन उजळली आणि मी जेमतेम वेळेवर मुलाखतीला बसले.

नोकरी लागली. निघायच्या दिवशी दोघं शहाद्याच्या स्टँडवर आले. मामींनी डबा हातात दिला आणि डोळे पुसत मामांवर घसरल्या, की त्या दिवशी ते यंत्र सुरू केलं नसतं तर पोर इथेच राहिली असती.

मामा माझी बॅग बसमध्ये चढवत होते. ती सीटखाली नीट सरकवून ते खाली उतरले.

"माले माहीत व्हतं," ते म्हणाले. "रॅम घासी ऱ्हायंतू तवय बी तेच मनमा व्हतं."