पायरीवरून पडल्याचा जबाब

वस्तीत कुणाचंही दार अडकलं की किल्लीमामांना फोन जायचा. मामा यायचे ते इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यात परवान्याचं ओळखपत्र अडकवून. अवजारांची पिशवी पारदर्शक प्लास्टिकची. आत काय आहे ते लांबूनही दिसावं म्हणून. रस्त्यात ते कधी धावायचे नाहीत. डोळ्यांदेखत बस सुटली तरी नाही. आपल्या रंगाच्या माणसाने हातात अवजारं घेऊन धावू नये, हे त्यांना वडिलांनी शिकवलं होतं. बायको रोज सकाळी उजळणी घ्यायची.

त्यांचा जन्म याच शहरातला. वडिलांचाही. तरी कुणी ना कुणी विचारायचंच, "मामा, मूळचे कुठले?"

"मागच्या गल्लीतले," मामा म्हणायचे.

दाराशी आले की आधी थट्टा. "तुमच्याकडे चोराची काळजीच नको. तुम्हालाच आत शिरता येत नाही." मग एकच अट. मालकाने पाठ करून उभं राहायचं. मामा 'झालं' म्हणेपर्यंत वळायचं नाही. लोकांना वाटायचं, धंद्यातलं गुपित जपतात. तसं नव्हतं. आपलं दार किती चटकन उघडतं हे डोळ्यांनी पाहिलं की माणसाची झोप उडते. म्हणून कुलूप उघडलं तरी मामा थोडा वेळ उगाच खुडबुड करत बसायचे. एक-दोनदा सुस्कारा टाकायचे. मगच म्हणायचे, "झालं."

त्या दुपारी गाण्याच्या बाईंनी बोलावलं. टेकडीजवळच्या गोऱ्या लोकांच्या वस्तीत त्यांचं घर, घरात त्या एकट्याच. किल्ली आत, बाई बाहेर. मामांनी अट सांगितली. बाई हसल्या आणि घराच्या कोपऱ्यापलीकडे जाऊन, शाळेत शिक्षा झाल्यासारख्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

कुलूप उघडलं होतं. मामा दाराशी वाकून नुसती खुडबुड करत होते. समोरच्या घरातून कुणीतरी फोन केला होता. दोन पोलीस फाटकातून आत आले.

"हात वर."

मामांनी हात वर केले. उजव्या हातात बारीक सळी होती. टाक म्हणाले, टाकली.

"साहेब, घर बाईंचं आहे. त्या इथेच आहेत, कोपऱ्यावर. विचारा त्यांना."

"तुझ्यासारख्याला या घरात कोण बोलावणार?"

एकाने त्यांचा हात पाठीमागे पिरगळला. मामा काही करत नव्हते. तरी पिरगळतच राहिला. मनगट मोडलं तेव्हा थांबला. ओळखपत्र गळ्यात होतं. ते कुणी वाचलं नाही.

बाई वळल्या नाहीत. आधी त्यांना वाटलं, मामा अजून 'झालं' म्हणालेले नाहीत. मग ओरडणं ऐकलं आणि त्या भीतीने भिंतीलाच चिकटून राहिल्या. त्या वळल्या तेव्हा गाडी निघून गेली होती. दार सताड उघडं होतं.

संध्याकाळी मामांना सोडलं. हाताला प्लास्टर, परवाना ठाण्यात जमा. ठाण्यावरच्या मोठ्या साहेबांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, "घाईत पायरीवरून पडलो, एवढाच जबाब द्या. परवाना लगेच परत. नाहीतर पोलिसांवर हात उगारल्याचा गुन्हा लागेल. मग परवाना विसरा. घरी विचार करा."

घरी बायकोने शर्टाची बटणं काढली. त्यांना डाव्या हाताने जमत नव्हतं.

"फार दुखतंय का?"

"छे. जरा मुरगळलंय."

"मुरगळल्याला एवढं प्लास्टर?"

"त्यांच्याकडे उरलं असेल."

ती हसली नाही. घास भरवताना म्हणाली, "सही करून टाका. मला तुम्ही घरात हवे आहात. बाकीचं जगाने बघावं."

"मलाही तेच वाटतंय," मामा म्हणाले. खरंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी गाण्याच्या बाई अवजारांची पिशवी घेऊन आल्या. बायकोने 'या' म्हटलं नाही. बाई दारातच उभ्या राहिल्या.

"माणूस ओरडत होता आणि तुम्ही भिंत बघत होतात?" बायकोने विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या.

"मीच सांगितलं होतं गं त्यांना," मामा म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. तुम्हाला सगळ्यांचाच पुळका."

बाई म्हणाल्या, "मी पाहिलं काहीच नाही. पण सगळं ऐकलंय. तेवढं मी ठाण्यावर सांगेन."

"सांगाल आणि घरी जाल. यांना मात्र रोज त्याच पोलिसांसमोरून जायचंय."

त्यांनी पिशवी स्टुलावर ठेवली. थोड्या वेळाने बायकोने त्यांना पाणी दिलं. भांडं जरा आपटूनच.

बाई गेल्यावर मामा पिशवीकडे बघत बसले.

"लोकांना झोप लागावी म्हणून मी आयुष्यभर खोटी खुडबुड केली," ते म्हणाले. "पण ती माझ्या गिऱ्हाइकांसाठी. त्या पोलिसाला झोप लागावी म्हणून कशी करू गं?"

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने एक घडी मोडली, पुन्हा घातली. "उद्या मी बरोबर येणार," एवढंच म्हणाली.

ठाण्यावर साहेबांनी कागद पुढे सरकवला. मामांनी तो हळूच परत सरकवला.

"मी पडलो नाही, साहेब."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "परवाना इथेच राहील मग."

"राहू द्या."

साहेब उठून गेले. कारकुनाने नवा कागद घेतला. बाई आधीच येऊन बाकावर बसल्या होत्या. त्यांचा जबाब नंतर व्हायचा होता. मामा सावकाश सांगू लागले. दार, सळी, वर केलेले हात. कारकून लिहिता लिहिता म्हणाला, "मग पोलिसांनी तुमचा हात धरला."

"धरला नाही. मोडला."

"सावरताना मोडला असेल."

"मी स्थिर उभा होतो. एकदा आवाज आला. मी म्हटलं, साहेब, मोडला हात. ते म्हणाले, अजून नाही. आणि पुन्हा पिरगळला."

बाईंनी मान खाली घातली. हे त्यांनी ऐकलं होतं. बायको पहिल्यांदाच ऐकत होती. चार लोकांत तिने कधी नवऱ्याच्या अंगाला हात लावला नव्हता. आता तिने त्यांचा प्लास्टरमधला हात उचलून आपल्या मांडीवर घेतला. बाहेर आलेली बोटं सुजली होती. ती तिने एकेक करून चेपली, अगदी हलक्या हाताने.

"अजून काही?" कारकुनाने विचारलं.

मामांनी नकारार्थी मान हलवली.

"आहे," बायको म्हणाली. "लिहा. घरी आल्यावर मला म्हणाले, जरा मुरगळलंय."

"बाई, ते जबाबात येत नाही."

"येऊ द्या," ती म्हणाली. "लिहीपर्यंत मी थांबते."