दहावा खेळाडू

हे खरं तर मी कोणालाच सांगायचं नव्हतं. शॅरनला मी तसं कबूल केलंय. शॅरन म्हणजे आमच्या आइस हॉकी रिंकवरची स्कोअरर. गेली दोन वर्षं मी तिच्या शेजारी काचेच्या बॉक्समध्ये बसून स्कोअरशीट भरते. तिचा नियम एकच: बॉक्समध्ये पाहिलेलं बॉक्समध्येच राहतं. पण किस्से साठत जातात, आणि साठलेल्या किश्शांचं शाळेच्या बॅगेत विसरलेल्या केळ्यासारखं होतं. कधीतरी बाहेर काढावंच लागतं!

बॉक्समधलं नंतर सांगते. आधी बॉक्सच्या मागच्या स्टँडमधलं, कारण माझा राग तिथूनच सुरू होतो.

स्टँडमध्ये आमची मंडळी चार. बाबा, सलीलकाका, नंदिनीमावशी आणि फोनच्या स्क्रीनवर मिलिंदकाका. बाबा आणि दोन्ही काका स्टुडंट म्हणून सिडनीला आले, तेव्हा ब्लॅकटाउनला एकाच फ्लॅटमध्ये राहायचे. सलीलकाका रिंकवर स्केट्स भाड्याने देण्याच्या काउंटरवर काम करायचे. जानेवारीत बाहेर बेचाळीस डिग्री आणि फ्लॅटमध्ये एसी नाही, म्हणून बाकीचे दोघं रिंकवर जाऊन नुसते बसून राहायचे. हिवाळ्यात मॅचेस सुरू झाल्या, तरी कोणी उठलं नाही. थोडक्यात, आमच्याकडचं हॉकीप्रेम उकाड्यातून आलंय!

बाबा सांगतात की ऑफसाइड समजायला त्यांना दोन सीझन लागले. सिलेक्टर व्हायला मात्र अजिबात वेळ लागला नाही.

* * *

स्टँडमधला कायमचा विषय म्हणजे ग्लेन. ग्लेन आमचा डिफेन्समन, वय एकेचाळीस. दिवसा तो इलेक्ट्रिशियन असतो, कारण आमच्या लीगवर कोणाचंच घर चालत नाही. वीकेंडला तो पकसमोर आडवा पडतो. पक म्हणजे रबराची जाड चकती, गोठवून दगडासारखी केलेली. समोरचा जीव खाऊन ती मारतो आणि ग्लेन आपलं अंग मध्ये घालतो.

एकदा बाबा म्हणाले, "चाळिशी उलटली की माणसाने मानाने बाजूला व्हावं."

हे ते उभ्याने बोलत होते. आदल्या दिवशी बॅडमिंटन खेळताना त्यांची कंबर धरली होती, त्यामुळे त्यांना बसताच येत नव्हतं!

नंदिनीमावशी हॉस्पिटलमध्ये भूल देणारी डॉक्टर आहे. ती शांतपणे म्हणाली, "मग तू कधी होतोयस बाजूला? मला पुढचं काही दिसत नाहीये."

* * *

मिलिंदकाका आता पश्चिम ऑस्ट्रेलियात, कालगुर्लीला असतात, सोन्याच्या खाणीत इंजिनियर आहेत. त्यांच्याकडचं मॅचचं स्ट्रीमिंग आमच्यापेक्षा जवळजवळ मिनिटभर मागे चालतं. आम्ही गोलवर ओरडलो की ते फोनमधून चिडतात. "सांगू नका रे! माझ्याकडे अजून पक मध्यावरच आहे!"

लीग वाढणार, नवीन टीम येणार अशी बातमी आली, त्या दिवशी ते फारच तापले होते.

"सगळ्या टीम पूर्वेलाच का? आम्ही काय ऑस्ट्रेलियात नाही? कालगुर्लीला द्या टीम! आमच्याकडे पैसा आहे, जागा आहे, घराएवढे ट्रक आहेत!"

"आणि पाणी?" सलीलकाकांनी विचारलं. "तुमच्या नळाचं पाणी पर्थहून पाइपने येतं. बर्फ काय कुरिअरने मागवणार आहेस?"

फोनमधून आवाजच येईना. आम्हाला वाटलं, मिलिंदकाका दुखावले. बाबांनी सलीलकाकांना डोळ्यांनी दटावलं. सलीलकाका फोनजवळ तोंड नेऊन म्हणाले, "अरे मिल्या, गंमत केली रे, सॉरी."

"गोऽऽल!" मिलिंदकाका ओरडले. "अरे काय गोल आहे! ... काय म्हणालास तू?"

* * *

मला ग्लेनबद्दल एवढं का वाटतं, ते मी घरी कोणाला सांगितलेलं नाही. इथे सांगते.

मागच्या सीझनला पाहुण्या टीमचा कोच दोन पिरियडच्या मधल्या ब्रेकमध्ये आमच्या बॉक्सपाशी आला आणि टेबलावर हात आपटायला लागला. मी त्यांच्या एका गोलचा असिस्ट, म्हणजे गोलआधीचा पास, चुकीच्या खेळाडूला दिलाय असं त्याचं म्हणणं होतं. मी चुकले नव्हते. पास कोणी दिला ते मी पाहिलं होतं आणि रेफरीनेही तोच नंबर सांगितला होता. शॅरन प्रिंटर बघायला गेली होती. "हे काम शाळेतल्या मुलीला कोणी दिलं?" असं तो सगळ्यांदेखत म्हणाला. मला सगळं उत्तर माहीत होतं, पण आवाजच फुटेना. माझं नेहमी असंच होतं.

ग्लेन बाकी राहिलेली पेनल्टी, म्हणजे खेळाबाहेर बसायची शिक्षा, भोगायला शेजारच्या बॉक्समध्ये येऊन बसत होता. त्याने काचेवर काठी ठोकली आणि म्हणाला, "मेट, आख्ख्या रिंकमध्ये नीट बघणारी ती एकटीच आहे."

त्या कोचने रेफरीला बोलावलं. उलट बोलल्याबद्दल ग्लेनला आणखी दोन मिनिटं मिळाली!

आणि मागून आमच्या स्टँडमधून सलीलकाकांचा आवाज आला, "बघा! म्हातारा उगाचच्या उगाच पेनल्टी घेतो!"

मी मागे वळून बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर रडले असते, आणि शीट ओली झालेली शॅरनला चालत नाही.

* * *

नवीन टीम शेवटी आमच्याच बाजूला, पॅरामॅटाजवळ आली. तिला खेळाडू हवेत, म्हणून नियम असा निघाला: प्रत्येक जुन्या टीमने दहा खेळाडू राखायचे, उरलेल्यांतून नव्या टीमने हवे ते उचलायचे, आणि ज्यांना कोणीच उचललं नाही ते घरी. आम्हाला तरुण पोरंच हवीत, असं नवी टीम आधीच बोलून बसली होती.

आमच्या कोचने नऊ नावं ठरवली. त्यात ग्लेन नव्हता. दहावं नाव मेंबर लोकांनी मतं देऊन निवडायचं होतं, एका फॅमिली मेंबरशिपला एक मत. नावं दोनच, ग्लेन आणि कोल. कोल एकोणीस वर्षांचा आहे, फॉरवर्ड खेळतो, जोरात पळतो आणि गोल केला की काचेवर उडी मारतो. तो हरला असता तर नव्या टीमने त्याला दुसऱ्याच दिवशी उचललं असतं. ग्लेन हरला तर संपलं.

सलीलकाका पॅरामॅटाला एका बँकेच्या आयटीमध्ये आहेत. त्यांनी ऑफिसात बसून सगळ्या खेळाडूंची एक्सेल शीट केली आणि पुढच्या मॅचला लॅपटॉपच घेऊन आले. गोलला अमुक पॉइंट, असिस्टला तमुक. ग्लेन सतरावा आला.

"नंबर्स खोटं बोलत नाहीत," काका म्हणाले.

"शॉट अडवायला किती पॉइंट?" मी विचारलं. कोणी ऐकलं नाही. मी परत विचारलं. बाबा म्हणाले, "अगं, चिप्स तिकडे आहेत." तिसऱ्यांदा मी लॅपटॉपच्या अगदी समोर जाऊन विचारलं.

काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बाळा, त्याचा कॉलमच नाहीये."

मला इतका राग आला! एक माणूस सगळा हिवाळा स्वतःच्या बरगड्यांनी गोल वाचवतो आणि त्याचा कॉलमच नाही! त्या दिवसापासून मी माझ्या मॅथ्सच्या वहीच्या शेवटच्या पानावर तो कॉलम आखला. पुढच्या तीन मॅचमध्ये ग्लेनने एकोणीस शॉट अंगावर घेतले. कोलने दोन. त्यातला एक चुकून, तो बुटाची लेस बघत होता.

* * *

आता हा किस्सा ऐकून सांगा, मी चिडले ते चूक होतं का.

मतदान सुरू झालं त्या आठवड्यात आम्ही शनिवारी सलीलकाकांकडे जेवायला गेलो होतो. पोळ्या गरम करायला मायक्रोवेव्ह लावला आणि निम्म्या घराची वीज गेली. इलेक्ट्रिशियन मिळेना. काकांनी बरेच फोन केले, शेवटी एक जण येतो म्हणाला. दार उघडलं तर समोर ग्लेन!

काका एवढे हरखले, की त्यांनी आधी सेल्फी काढला. मग त्याला बसवून साबुदाण्याची खिचडी दिली. "यू आर अ लेजंड, मेट! पन्नाशीपर्यंत खेळ! तुझ्याशिवाय ही टीम म्हणजे काय?" ग्लेन लाजून खिचडी खात होता. गाल सुजलेला होता, म्हणून एकाच बाजूने चावत होता. आदल्या रविवारचा पक. मला बघून "हे बॉस" म्हणाला. तो मला बॉसच म्हणतो.

मग त्याने गुडघे टेकून तासभर कुठली तरी वायर शोधली आणि वीज चालू केली. काकांनी गेटपर्यंत जाऊन हात हलवला.

परत आले तेव्हा मोडेमचा दिवा हिरवा झाला होता.

"चला, नेट आलं!" असं म्हणून काकांनी लॅपटॉप उघडला आणि कोलला मत देऊन टाकलं.

* * *

सोळा वर्षांखालच्यांना मत नाही. मी पंधरा वर्षांची आहे. म्हणून मी गाडीत बाबांना विचारलं, "आपलं मत कोणाला?"

"बघू," बाबा म्हणाले.

आमच्याकडे 'बघू'मध्ये आत्तापर्यंत कुत्रा, मैत्रिणीकडचा स्लीपओव्हर आणि नवीन फोन गेलेला आहे. मी खिडकीबाहेर बघत बसले.

* * *

आता बॉक्समधलं.

सीझनची शेवटची मॅच रविवारी आर्वोला, म्हणजे दुपारी होती. दुसऱ्या ब्रेकमध्ये मतं मोजायची होती. ऑनलाइन मतं शॅरनच्या लॅपटॉपवर, आणि ज्यांना ऑनलाइन जमलं नाही त्यांच्या चिठ्ठ्या बिस्किटांच्या डब्यात. शॅरन मेंबरशिपचा नंबर आणि नाव वाचणार, मी कागदावर रेघा मारणार. चार उभ्या, पाचवी आडवी.

वाचता वाचता एक नंबर आला आणि माझं पेन थांबलं. आमचा नंबर मला पाठ आहे. पुढे नाव होतं ग्लेन. मी काचेतून मागे पाहिलं. बाबा तेव्हासुद्धा शेजारच्या माणसाला हात हलवून सांगत होते, की म्हाताऱ्यांनी वेळेवर जागा सोडली पाहिजे!

मोजून झालं. ग्लेन सत्त्याऐंशी, कोल सत्त्याऐंशी.

शॅरनने डब्याचं झाकण लावायला घेतलं, तेवढ्यात बाहेरच्या रबराच्या मॅटवर स्केट्सचा आवाज आला. ग्लेन होता. त्याच्या बायकोच्या नावावर फॅमिली मेंबरशिप आहे, म्हणजे एक मत त्यांच्या घरीही होतं. त्याने घामेजल्या हाताने घडी केलेली चिठ्ठी खिडकीतून आत दिली, "सॉरी, लेट झाला, बॉस," म्हणाला आणि गेला.

मला इतका आनंद झाला की मी चिठ्ठी उघडायच्या आधीच ग्लेनच्या नावापुढे रेघ मारली. स्वतःला कोण मत देत नाही?

मग मी घडी उलगडली. कोलच्या नावापुढे खूण होती. चुकून झालेली नाही. दोनदा गिरवलेली.

शॅरनने चिठ्ठी पाहिली. मग माझी रेघ पाहिली. मग एवढंच म्हणाली, "पेन तुझ्या हातात आहे, डार्ल."

मी ती रेघ खोडली. खोडल्यावर शेजारी सही करायची असते, ती केली. कोलपुढे एक रेघ वाढवली. निकाल स्पीकरवर सांगितला गेला तेव्हा माझे कान नुसते गरम झाले होते.

स्टँडमध्ये सलीलकाका उठून उभे राहिले. डोळ्यांत खरं खरं पाणी! "अन्याय आहे हा! असल्या माणसाला घालवतात? लीगला पत्र लिहू या. बाळा, तुझं अक्षर चांगलं आहे, तू लिही!"

मी तिसऱ्या पिरियडची शीट पुढे ओढली.

मॅच संपल्यावर ग्लेन नेहमीसारखा शीट बघायला बॉक्समध्ये आला. हेल्मेट काखेत, केस ओले. स्कोअरशीट त्याने नुसती चाळली. मग त्याची नजर तिच्याखालच्या मतांच्या कागदावर गेली. त्याच्या नावापुढच्या त्या खोडलेल्या रेघेवर, आणि शेजारच्या माझ्या सहीवर. त्याने रेघेवर अंगठा ठेवला.

"ही काय आहे, बॉस?"

शॅरन उगाचच केबल गुंडाळायला लागली. माझा आवाज यायला थोडा वेळ लागला, पण आला. मी म्हटलं, "ग्लेन, ती रेघ मी तुझी चिठ्ठी उघडायच्या आधी मारली होती, आणि तू जर स्वतःला मत दिलं असतंस, तर ती खोडावी लागली नसती."

आई हाक मारतेय, बाकीचं नंतर. आले, आई! ऐकू आलं मला, आले!