दीपमालाताईंचा पहाडी राजमा

दिल्लीच्या द्वारकेतल्या त्या सोसायटीत दीपमालाताईंना ओळखत नाही असा माणूस म्हणजे कालच राहायला आलेला. सरकारी नोकरीतून रिटायर झालेल्या या हिंगोलीकडच्या ताई दर रविवारी गेटजवळ टेबल मांडून पहाडी राजमा विकायच्या, आणि विकताना असं भाषण ठोकायच्या की घेणाऱ्याला वाटावं, राजमा राहू दे पण हे आवरा.

भाषण नेहमी एकच. जोशीमठच्या वर एक गाव आहे. ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर फिरायला गेल्या असताना दरड कोसळून रस्ता बंद झाला आणि सतेश्वरी नावाच्या बाईने त्यांना आपल्या घरात ठेवून घेतलं. स्वतःच्या शेतातला राजमा चुलीवर शिजवून, वर मोहरीसारख्या दिसणाऱ्या जख्याची फोडणी देऊन रोज वाढला. निघताना ताईंनी तिचा हात हातात घेऊन शब्द दिला की तुझा माल दिल्लीत मी खपवीन, व्यापाऱ्याच्या दारात तुला उभं राहू देणार नाही. आणि ताईंचा शब्द म्हणजे शब्द. रोज सकाळी पंचशील म्हणायचं आणि दुपारी गिऱ्हाइकाला थापा मारायच्या, हे त्यांना जमणारं नव्हतं.

सुरुवातीला त्या स्वतः वर जाऊन माल आणत. मग गुडघ्यांनी दगा दिला आणि काम सिद्धांतकडे गेलं. सिद्धांत म्हणजे त्यांच्या भावाचा मुलगा. परीक्षांच्या तयारीसाठी दिल्लीला आला, मुनिरक्यात खोली घेतली आणि जेवायला आत्याकडे येत राहिला. परीक्षा काही निघाल्या नाहीत. गावी काय तोंड दाखवू म्हणून रडला, तेव्हा आत्यानेच त्याला या कामात हाताशी धरलं. पोरगा हुशार. त्याने छान छापील पाकिटं करून घेतली, पाकिटावर डोंगर, डोंगरापुढे हसणारी सतेश्वरी. ताईंच्या स्वयंपाकघरासाठी मात्र तो दर वर्षी एक कापडी थैली वेगळी आणून द्यायचा. त्यामुळे सीलबंद पाकीट घरी फोडायची वेळ ताईंवर कधी आलीच नाही.

लक्ष्मीबाई नगरातली मराठी मंडळीसुद्धा मुद्दाम येऊन ही पाकिटं न्यायची. नेणारा प्रत्येक जण पुढच्या वेळी सांगायचा, अगदी आपल्याकडच्यासारखी चव आहे हो! ताई खूश. डोंगरातली बाई काय आणि आपली बाई काय, माती सगळी एकच, असं त्या वर ऐकवायच्या. दिल्लीत राहून गावाकडच्या आठवणीने व्याकूळ झालेल्या माणसांना कशातही आपल्याकडची चव लागते, हे त्यांनी कौतुकानेच धरलं होतं.

म्हणून शेजारी नव्याने आलेली तनया जेव्हा म्हणाली, "काकू, हा आमच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा आहे," तेव्हा ताई नुसत्या हसल्या. साताऱ्याकडच्या माणसाला सगळीकडे साताराच दिसतो, अशी तिची थट्टाही केली. तनया मात्र चिवट निघाली. संध्याकाळी माहेरच्या घेवड्याचा डबाच घेऊन आली आणि ताटात मूठभर दाणे ओतले. फिकट अंगावर वाघासारखे लाल पट्टे. ताईंनीही तोऱ्यात उठून आपल्या थैलीतले दाणे शेजारी ओतले. छोटे, गोलसर, गडद ठिपक्यांचे. बघ, म्हणाल्या, कुठे तुझा घेवडा आणि कुठे आमचा राजमा. तनयाने विकायचं एक पाकीट फोडलं आणि दोन्हींच्या मधोमध रिकामं केलं.

त्यातल्या प्रत्येक दाण्यावर पट्टे होते.

घेवडा वाईट नव्हता, कुणाच्या पोटात काही विषही गेलं नव्हतं. पण इतकी माणसं ताईंच्या तोंडाकडे बघून ते पाकीट घरी नेत होती, आणि त्या पोपटासारख्या बोलत राहिल्या होत्या.

सिद्धांतला बोलावलं. तो आला आणि नाकबूलसुद्धा झाला नाही, याचाच ताईंना जास्त राग आला. वरून माल आणणं म्हणजे डोकेदुखी, रस्ता कधी बंद होईल भरवसा नाही, आणि इथे कुणाला फरक कळतोय, असं तो ऑफिसातल्या मीटिंगमध्ये बोलावं तसं समजावत राहिला. मग जवळ सरकून म्हणाला, "पण आत्या, तुला मी कधी दुसरा माल खाऊ घातला नाही. बिल्कुल नाही."

हे तो प्रेमाने म्हणाला. ताईंना तेव्हा कळलं की पोराने केसाने गळा कापला आहे. त्यांना खरं खाऊ घातलं म्हणूनच त्या इतक्या ठासून बोलू शकत होत्या. त्यांची जीभच त्याने दुकानाला लावली होती. त्यांनी त्याच्याकडून सतेश्वरीच्या मुलाचा नंबर घेतला आणि त्याला दार दाखवलं. तिकडे नेटवर्क नसतं असं हाच त्यांना आजवर सांगत आला होता.

फोन पहिल्याच वेळी लागला. मुलाने आईला हाक मारली आणि सतेश्वरीचा आवाज आला, तसाच मोकळा. ताईंच्या गुडघ्यांची तिने आधी चौकशी केली. मग ताईंनी राजम्याचं विचारलं, तर तिला नवल वाटलं. तीन वर्षांपूर्वी भतीजाच सांगून गेला होता की दीदीने धंदा बंद केला, दिल्लीवाल्यांना हा राजमा आवडत नाही. तेव्हापासून ती खालच्या व्यापाऱ्याला, तो म्हणेल त्या भावात देते आहे. एक थैली मात्र ती दर वर्षी अशीच देते, दीदीच्या घरासाठी. त्याचे पैसे कसले घ्यायचे?

ताई रडत रडत तिला सांगू लागल्या की मी बंद केलंच नव्हतं, माझ्या पोराने मला फसवलं, आजही तुझा फोटो लावून तुझ्याच नावाने पाकिटं विकली जातायत, मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

"मेरी फोटो लगाकर?" सतेश्वरीने विचारलं. मग अगदी नरम, पाहुण्याशी बोलावं अशा आवाजात म्हणाली, "कोई बात नहीं, दीदी. आप परेशान मत होइए."

ताई पुन्हा पहिल्यापासून सांगू लागल्या. ती सगळं ऐकत होती, मधूनमधून हाँ जी म्हणत होती, आणि तिचा विश्वास बसलेला नाही हे ताईंना प्रत्येक हाँ जीमध्ये ऐकू येत होतं.