बाबुरावांचे पाच गुंठे

नारायण पेठेतल्या माझ्या ऑफिसात बहुतेक अशील सख्ख्या भावाविरुद्ध आलेले असतात. बाबुराव शेजाऱ्याची विहीर वाचवायला आले. असे लोक वकिलाला परवडत नाहीत.

बाबुराव पोस्टातून निवृत्त झालेले. विश्रांतवाडीला दोन खोल्यांत संसार करून त्यांनी आळंदी रस्त्याच्या पलीकडे पाच गुंठे घेतले. सातबाऱ्यावर नाव लागलेले घराण्यातले ते पहिलेच. कांताबाई, त्यांची बायको, तो उतारा बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींपाशी ठेवत. शेजारी गेनबाची विहीर होती. पहिल्या उन्हाळ्यात कांताबाई कळशी घेऊन गेल्या, तेव्हा गेनबा म्हणाला, "हितलं पानी नाय मिळायचं. तुमची सोय तुमी बघा."

का, ते त्याने सांगितलं नाही आणि बाईंना सांगायची गरजही नव्हती. त्यानंतर घरून कॅन भरून, बसने नेऊन त्यांनी तिथली वांगी-मिरची जगवली. त्या गेल्यावर बाबुरावांनी त्यांच्या अस्थी तिथेच पुरल्या आणि वर पिंपळ लावला. त्यांच्याकडे त्याला बोधिवृक्ष म्हणतात.

मग एका कंपनीची गॅसची पाइपलाइन आली. आखणी नेमकी गेनबाच्या विहिरीवरून. या कायद्याची गंमत अशी, की जमीन तुमचीच राहते. फक्त पाइपाच्या पट्ट्यात विहीर नको, घर नको, झाड नको. मुदतीत हरकत घेतलीत तर ठीक, नाहीतर बसा मालक म्हणून मिरवत. गेनबाला हरकत म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. बाबुराव त्याला हाताला धरून माझ्याकडे घेऊन आले.

गेनबा बाहेर गेल्यावर मी विचारलं, "अहो, घोटभर पाणी न देणाऱ्यासाठी एवढा खटाटोप?"

"हक्क काय माणूस बघून द्यायचा असतो, मॅडम?"

सुनावणीत आम्ही जिंकलो. विहीर वाचली. कंपनीने रेषा सरकवली. पण पलीकडे ओढा होता, त्यामुळे ती बाबुरावांच्या जमिनीतून गेली. पट्ट्यात जवळजवळ सगळेच पाच गुंठे आले, पिंपळासकट.

"आता आपली हरकत टाकते," मी म्हटलं.

"मग रेषा कुठे जाईल?"

"परत विहिरीवर. दुसरी जागाच नाही."

 बाबुराव म्हणाले, "राहू द्या."

माझा पारा चढला. "कांताबाईंना काय तोंड दाखवाल?" असं मी बोलून गेले. त्यावर तो म्हातारा माणूस माझ्यासमोर ढसाढसा रडला. डोळे पुसत म्हणाला, "पाणी तोडलं की कसं वाटतं, ते तिला ठाऊक होतं, मॅडम."

मी हरकत टाकली नाही.

झाड पाडलं त्या दिवशी मी गेले. बाबुराव घमेलं घेऊन उभे होते. बुंध्याखालची माती तेवढी त्यांना घरी न्यायची होती, आणि ऑपरेटरनेही मान डोलावली होती. पण जेसीबीने एका घासात मुळं, माती सगळं उपसलं आणि मोठ्या ढिगावर टाकलं. बाबुराव ढिगाभोवती फिरत राहिले. कुठली मूठ उचलावी ते त्यांना कळेना.

तेवढ्यात गेनबा आला. हातात विहिरीवरून भरून आणलेली कळशी. मान वर करवत नव्हती त्याला.

"दुसरं रोप लावा, बाबुराव. पानी म्या घालतो रोज."

"लावता येत नाही, गेनबा. जमीन माझीच आहे, पण लावता येत नाही."

गेनबाला कळशी खाली ठेवायचंही सुचेना. शेवटी बाबुरावांनीच ती त्याच्या हातातून घेतली. आणि कांताबाई नेमक्या कुठे आहेत हे ठाऊक नसल्यामुळे त्या सबंध ढिगावर थोडं थोडं पाणी घातलं.